शीळफाट्याचा बोगदा आणि प्रकल्प मूल्यमापनाची कसोटी

ठाणे जिल्ह्यातील शीळफाटा हे मुंब्रा-पनवेल आणि कल्याण-शीळ रस्त्यांच्या संगमावरील सदैव गजबजलेले ठिकाण होय. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचा वांद्रे-कुर्ला संकुलापासून निघणारा २१ किलोमीटरचा बोगदा येथेच संपतो. त्याचा सुमारे ७ किलोमीटरचा भाग ठाणे खाडीखालून जातो. घणसोली ते शीळफाटा हा ४.८८ किलोमीटरचा टप्पा २० सप्टेंबर २०२५ रोजी आरपार खोदून पूर्ण झाला. अशा अवाढव्य गुंतवणुकीची योग्यता कोणत्या कसोटीवर ठरवावी, हा प्रश्न म्हणूनच उद्बोधक ठरतो.

एकूण ५०८ किलोमीटर मार्गाचा प्रारंभिक अंदाजित खर्च सुमारे १,०८,००० कोटी रुपये होता. त्यापैकी ८१ टक्के रक्कम ०.१ टक्का व्याजाने, ५० वर्षांच्या मुदतीने जपानकडून कर्जरूपाने घेण्याचे ठरले. व्याज जवळजवळ नाहीच, तेव्हा प्रकल्प फायद्याचाच, असे सकृद्दर्शनी वाटते. तथापि कर्ज स्वस्त असणे आणि प्रकल्प लाभदायक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. परतफेड येनमध्ये असल्याने रुपयाची किंमत घसरल्यास भार वाढतो. शिवाय त्यात गुंतलेली जमीन, मनुष्यबळ व शासनाचा स्वतःचा निधी अन्य कामी येऊ शकला असता.

यासाठी अर्थशास्त्रात ‘वर्तमान मूल्य’ काढण्याची पद्धत रूढ आहे. दहा वर्षांनंतर मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मूल्य ०.१ टक्का दराने ९९ रुपये भरते. १० टक्के दराने ते अवघे साडेअडतीस रुपये उरते. कर्जाचाच दर लावला, तर दूरचे लाभ जवळचे भासतात. म्हणून हिशेबाचा दर हा कर्जाचा नव्हे, तर तीच साधने अन्यत्र वापरून समाजाला जे मिळाले असते त्याचा असावा. या मोजमापाने विलंबही महाग ठरतो. १० टक्के दराने, चार वर्षे लांबलेल्या लाभाचे मूल्य जवळजवळ एक-तृतीयांशाने घटते.

लाभ म्हणजे केवळ तिकिटांचे उत्पन्न नव्हे. प्रवाशांचा वाचलेला वेळ, इंधनाची बचत आणि टळलेले अपघात हेही सामाजिक हिशेबात धरावे लागतात. उलटपक्षी, खाडीतील रोहित पक्ष्यांचे अभयारण्य व दाट वस्तीची जमीन वाचविण्याचे मोलही बोगद्याच्या वाढीव खर्चाशी ताडून पाहावे लागते.

लाभ कोणाच्या वाट्याला येतो, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. ही गाडी शीळफाट्यास थांबणार नाही. ठाण्याचे नियोजित स्थानक दिव्याजवळील म्हातार्डी येथे आहे. तेथवर पोहोचणारे रस्ते व बससेवा अपुरी राहिल्यास कल्याण-डोंबिवलीकरांच्या वेळेची बचत वाटेतील कोंडीतच खर्ची पडेल.

प्रकल्पपूर्तीनंतरचे मूल्यमापन ‘आधी आणि नंतर’ एवढ्या तुलनेवर भागत नाही. प्रकल्प झाला नसता तर काय घडले असते, याच्याशी तुलना करावी लागते. कारण वस्ती व वाहने या काळात तशीही वाढतच असतात. २०२५ अखेर या मार्गावर प्रवासी सेवा सुरू झालेली नव्हती. परिसरातील रस्त्यांवरील वाहनसंख्या, प्रवासाचा वेळ व जमिनीचे दर यांची पद्धतशीर नोंद सेवा सुरू होण्यापूर्वीच होणे अगत्याचे आहे. ती संधी हुकल्यास प्रकल्पाच्या यशाविषयी नंतर केवळ मते उरतील, मोजमाप उरणार नाही.