लंडनचे पत्र : चाकामागची खुर्ची

लंडनच्या दुमजली लाल बसवर पूर्वी ड्रायव्हर आणि कंडक्टर अशी जोडी असे. दोघे एकाच थरातले, एकाच डेपोतले. फरक होता तो कामाचा. ड्रायव्हरचा पाळीतला सुमारे ९० टक्के वेळ बसून जाई. कंडक्टर तिकिटे देत वर-खाली करत राही आणि दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढे.

जेरी मॉरिस या डॉक्टरांनी नेमका हाच फरक पकडला. लंडनच्या सुमारे ३१,००० वाहतूक कामगारांच्या नोंदी तपासून त्यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडला : कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, आणि झालाच तर तो कमी जीवघेणा ठरतो. पोस्टातही तेच दिसले. पायी फिरणारे पोस्टमन खुर्चीवरच्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते.

यावर शंका आली, ती रास्तच होती : मुळात स्थूल माणसेच ड्रायव्हर होत असतील तर? मॉरिस यांनी मग गणवेशाच्या विजारींची मापे तपासली. ड्रायव्हरांची कंबर खरोखरच मोठी निघाली, अगदी तरुणांचीही. पण सडपातळ असो वा जाडा, प्रत्येक गटात ड्रायव्हरच अधिक दगावत होता. नुसत्या पोटाच्या घेराने उलगडा होत नव्हता.

आता कंडक्टर उरलेला नाही. जुन्या रूटमास्टर गाड्यांची नियमित सेवा डिसेंबर २००५ मध्ये संपली. ड्रायव्हर मात्र बसलेलाच आहे. लॉरीवाल्याची गत आणखी बिकट. साडेचार तास गाडी हाकल्यावर ४५ मिनिटांची सक्तीची विश्रांती त्याला मिळते खरी, पण तीही बहुधा वाहनतळावर, तळलेल्या सॉसेजच्या ताटासमोर. त्यात रात्रपाळी आली की झोप आणि जेवण दोन्हींच्या वेळा मोडतात. रक्तदाब, साखर आणि चरबी यांना एवढे पुरते.

ब्रिटनमध्ये बस-लॉरीच्या परवान्यासाठी वयाच्या ४५ पासून दर पाच वर्षांनी आणि ६५ नंतर दरवर्षी वैद्यकीय तपासणी लागते. रक्तदाब सतत १८०/१०० च्या घरात राहिला तर गाडी बंद. इन्सुलिन घेणाऱ्यांना लॉरी चालवण्याची मुभा २०११ पासून आहे, पण गाडीवर असताना दर दोन तासांनी साखर मोजावी लागते. हे सारे नियम रस्त्यावरच्या इतरांना वाचवण्यासाठी आहेत. ड्रायव्हरची प्रकृती सुधारणे हा त्यांचा हेतूच नाही. शिवाय परवाना म्हणजे रोजीरोटी, त्यामुळे छातीतली कळ लपवण्याचा मोह होणारच.

लफबरो विद्यापीठाने लॉरी ड्रायव्हरांना पावले मोजणारी यंत्रे आणि आरोग्याचे धडे देऊन पाहिले. सहा महिन्यांनी तुलनेतल्या गटापेक्षा त्यांची रोजची चाल हजारेक पावलांनी जास्त भरली. पुढच्या मोजणीपर्यंत हा फरक टिकला नाही.