फुरशाचे विष आणि न गोठणारे रक्त

मराठवाड्याच्या कोरड्या माळावर दगडांखाली फुरसे लपून बसते. किल्लारीच्या शेतकऱ्यालाही बांधावरचा दगड उचलताना जपावे लागते. फुरसे चावले की रक्त गोठेनासे होते. गंमत अशी, की हे विष रक्त गोठवण्याचीच घाई करते!

आपल्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन हे प्रथिन निष्क्रिय रूपात फिरत असते. जखम झाली की एक विकर त्याची साखळी दोन ठिकाणी तोडते. त्यांपैकी एका ठिकाणी सुटलेल्या टोकावर धन प्रभार असतो. रेणूच्या आतील ऋण प्रभार त्याला ओढतो (पदार्थविज्ञान इथेही आलेच!), टोक आत शिरते आणि रेणूची काम करणारी जागा आकाराला येते. हेच थ्रॉम्बिन. ते रक्तातील फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे बनवते व गुठळी होते.

फुरशाच्या विषातील इकॅरिन जखमेची वाट पाहत नाही. ते थेट प्रोथ्रॉम्बिनच तोडत सुटते. फायब्रिनोजेन व्यर्थ खर्ची पडते आणि खऱ्या जखमेसाठी उरतच नाही.

म्हणून डॉक्टर काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडे रक्त २० मिनिटे न हलवता ठेवतात. नळी कलती केल्यावर ते पातळच राहिले, तर प्रतिविष देतात. प्रतिविष विषाला निकामी करते. नवे फायब्रिनोजेन मात्र यकृतालाच बनवावे लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून सहा तासांनी चाचणी पुन्हा करतात.