कलाकाउआ ॲव्हेन्यूवरचे अण्णा

२०२४ च्या दिवाळीच्या कार्यक्रमात बटाटेवड्याच्या रांगेत उभा होतो, तेव्हा तिघाचौघांनी विचारलं, "काय, हवाईला जाऊन आलात म्हणे! ज्वालामुखी पाहिला का? पर्ल हार्बर?" मी "हो, हो, थोडंफार" म्हणून वड्याकडे वळलो.

वाचकहो, ज्वालामुखी आम्ही पाहिलाच नाही. आम्ही गेलो होतो होनोलुलूच्या 'प्राइड परेड'ला. आम्ही म्हणजे मी, सौ., पुण्याहून आलेले माझे ७९ वर्षांचे वडील अण्णा, माझा धाकटा भाऊ आणि त्याचा नवरा. हे रांगेत सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून संपादकांकडून दोन पानं मागून घेतली.

धाकट्याला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं आहे. एका गणपतीत मखराचं लाइटिंग त्यानेच केलं होतं, आणि बरोबर आलेला उंच अमेरिकन म्हणजे त्याचा 'रूममेट'. रूममेट हा शब्द माझा, त्याचा नव्हे. दोघांचं लग्न २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात मित्राच्या बागेत झालं. मी हजर होतो, आणि त्याच संध्याकाळी पुण्याला फोनवर "कॉन्फरन्सला आलोय" असं सांगत होतो. आई २०१९ मध्ये गेली. तिला सांगायचं राहूनच गेलं. अण्णांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

हवाईची कल्पना धाकट्याची. "अण्णांना समुद्र आवडतो. आणि मला त्यांना तिथे एक गोष्ट दाखवायची आहे." मी म्हटलं, अरे, मग डिसेंबरात जाऊ, व्हेल दिसतात. तो म्हणाला, "नाही, ऑक्टोबरच."

होनोलुलूची ही परेड ऑक्टोबरात असते. (बाकी अमेरिकेत बहुतेक ठिकाणी जूनमध्ये.) आला मोआनाच्या मॅजिक आयलंडपासून निघते आणि कलाकाउआ ॲव्हेन्यूने वाइकीकीतून कपिओलानी पार्काकडे जाते. अण्णांना मी "स्थानिक उत्सव आहे" एवढंच सांगितलं होतं. सकाळी फुटपाथवर घडीची खुर्ची टाकून त्यांना बसवलं. चर्चवाले, बँकवाले, विमान कंपनीवाले, शाळकरी मुलं, फुलांनी मढवलेल्या गाड्या, हुला नाचणाऱ्या आज्या. इंद्रधनुषी झेंडा घेतलेल्या एका बाईने अण्णांच्या गळ्यात फुलांची माळ, म्हणजे 'लेइ', घातली. ती त्यांनी काढली नाही. माझं लक्ष मात्र परेडकडे कमी आणि अण्णांच्या चेहऱ्याकडे जास्त. इंजिनियर माणूस प्रेशर गेजकडे बघतो तसा मी बघत होतो. काटा हलला नाही.

परेड संपल्यावर धाकटा आम्हाला थोडं पुढे घेऊन गेला. तिथे कूहिओ बीचवर, पोलीस चौकीशेजारी, कुंपणाच्या आत चार मोठ्या शिळा आहेत. हजारो प्रवासी टॉवेल खांद्यावर टाकून त्यांच्यावरून जातात. या 'कापाएमाहू'च्या शिळा.

कथा अशी, की फार पूर्वी ताहितीहून चार वैद्य हवाईला आले. कापाएमाहू, कहालोआ, कपुनी आणि किनोही. चौघेही 'माहू', म्हणजे पुरुष आणि स्त्री दोन्हींचं तत्त्व ज्यांच्यात आहे असे. हातांनी लोकांची दुखणी बरी करत. परत निघाले तेव्हा लोकांनी त्यांची आठवण म्हणून काइमुकीहून चार प्रचंड शिळा आणल्या, आणि वैद्यांनी आपली शक्ती त्यांच्यात ठेवली. सर्वात मोठी शिळा साडेसात टनांच्या आसपास आहे. अण्णांचा पहिला प्रश्न, "क्रेन नसताना आणली कशी?" धाकटा म्हणाला, "हजारो माणसांनी ओढली असं सांगतात." अण्णा गणिताचे मास्तर. ते मनात भागाकार करत उभे राहिले.

पुढे या शिळांचं जे झालं तेच मला जास्त लागलं. राजकन्या काइउलानी समुद्रात उतरण्यापूर्वी इथे फुलं वाहायची. १९४१ मध्ये ती जागा बोलिंग ॲलीला गेली आणि शिळा तिच्याखाली गाडल्या गेल्या. वर लोक चेंडू गडगडवत होते, खाली हे चार वैद्य. १९६३ मध्ये इमारत पाडली तेव्हा त्या पुन्हा सापडल्या, पाटी लागली. पण वैद्य माहू होते, हे पाटीने सांगितलं नाही. कथा १९०७ च्या एका हवाईयन वार्षिकात छापलेली होती, तरीही. गंमत म्हणजे त्याच १९६३ मध्ये होनोलुलूत कायदा झाला होता, की पुरुषाने बाईच्या वेषात फिरून लोकांना 'फसवू' नये. हॉटेल स्ट्रीटजवळच्या 'द ग्लेड' नावाच्या क्लबात नाचणारे माहू कलावंत छातीवर 'मी मुलगा आहे' असा बिल्ला लावून घरी जात. हा कायदा १९७२ मध्ये गेला. आणि शिळांची पुरी कथा हवाईबाहेर पोचली ती २०२० मध्ये, हिनालेइमोआना वाँग-कालू या शिक्षिकेने दोन सहकाऱ्यांबरोबर केलेल्या 'कापाएमाहू' या छोट्या ॲनिमेशनपटामुळे. या शिक्षिका स्वतः माहू आहेत.

मी शहाणपणा करून म्हटलं, "म्हणजे पूर्वी इथे गे लोकांना मानच होता." धाकट्याने लगेच थांबवलं. "दादा, माहू म्हणजे गे नव्हे. मी माहू नाही. पण ज्या गावात यांना जागा होती तिथे मलाही मिळाली असती, असं मला वाटतं."

ज्या रस्त्यावर आम्ही उभे होतो त्याला नाव राजा कलाकाउआचं. १८२० मध्ये मिशनरी आले आणि १८३० मध्ये राणी काआहुमानूने जाहीर हुला बंद केला. कलाकाउआने १८८३ च्या आपल्या राज्याभिषेकाला तो पुन्हा चारचौघांत आणला. त्याच्याच टोपणनावाने हिलो गावात दरवर्षी ईस्टरच्या आठवड्यात 'मेरी मोनार्क' उत्सव भरतो. हुलाची स्पर्धा तिथे १९७१ पासून आहे, पुरुषांची १९७६ पासून. तिकिटं मिळवणं म्हणजे सवाई गंधर्वपेक्षा कठीण, तेव्हा वेळेवर जागे व्हा. आम्ही हुला पाहिला तो वाइकीकीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी. दोन भोपळे एकावर एक जोडलेल्या 'इपू'चा ताल, आणि धिप्पाड पुरुष हातांनी लाटा, पाऊस, प्रेयसी दाखवत होते. अण्णा म्हणाले, "बालगंधर्व शालू नेसून उभे राहायचे तेव्हा बायका त्यांच्याकडून पदर घ्यायला शिकायच्या. तेव्हा कोणी काही म्हटलं नाही." बस्स, एवढंच.

तिथे सगळं गोडीगुलाबीचं आहे असं समजू नका. लग्नाचा हक्क मागणारी अमेरिकेतली गाजलेली केस हवाईचीच. १९९१ मध्ये तीन जोडपी कोर्टात गेली, १९९३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि १९९८ मध्ये मतदारांनीच राज्यघटनेत कलम घालून विधिमंडळाला लग्न फक्त स्त्रीपुरुषांपुरतं ठेवायचा अधिकार दिला. कायदा अखेर २०१३ च्या २ डिसेंबरला लागू झाला. आम्ही परतलो त्याच्या पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर २०२४ मध्ये, मतदारांनी ते जुनं कलम काढून टाकलं.

घरातल्या कोणाला घेऊन पॅसिफिकची बेटं फिरायची असतील तर बेट पाहून ठरवा. ताहितीत फ्रान्सचा कायदा, त्यामुळे लग्न २०१३ पासून मान्य. तिथला जुलैचा 'हेइवा' उत्सव नाच, गाणी आणि होड्यांच्या शर्यतींचा. फिजीने २०१० मध्ये जुना इंग्रजी कायदा रद्द केला, कुक बेटांनी २०२३ मध्ये. सामोआत 'फाआफाफिने' लोक घरोघरी आहेत, आईबापांचं तेच करतात, पण पुरुषा-पुरुषांतला संबंध तिथल्या २०१३ च्या फौजदारी कायद्यातही गुन्हाच राहिला. घरात जागा आणि कायद्यात नाही. आपल्याकडे निदान ३७७ चं जोखड २०१८ मध्ये उतरलं. लग्नाला मात्र २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं.

आता शिळांपाशी परत येतो, कारण खरी गोष्ट तिथेच घडली.

अण्णांच्या खिशात एक डायरी असते. घरातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा, लग्नाच्या तारखा, आईची तिथी, सगळं तीत. दर वर्षी नव्या डायरीत सगळं पुन्हा उतरवून काढतात. कुंपणाजवळच्या बाकावर बसून त्यांनी ती काढली, पेनचं टोपण उघडलं आणि धाकट्याला विचारलं, "तुमच्या लग्नाची तारीख काय?"

मी सौ.कडे पाहिलं. तिने मान हलवली, मी नाही सांगितलं.

धाकट्याचा आवाज बसला होता. "२४ सप्टेंबर २०१६, अण्णा."

अण्णांनी लिहिलं. मग वळून जावयाला इंग्रजीत त्याची जन्मतारीख विचारली, स्पेलिंगसकट पूर्ण नाव विचारलं, तेही लिहिलं. मग तारखेकडे पाहत थांबले. बोटांवर काहीतरी मोजलं. कपाळाला आठी पडली. माझ्या पोटात गोळा आला.

"अरे," अण्णा म्हणाले, "सप्टेंबर अखेर म्हणजे पितृपक्ष. पितृपक्षात लग्न केलंत?"

धाकटा हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. जावई घाबरून मला विचारू लागला की काय झालं. पितृपक्ष म्हणजे काय हे इंग्रजीत सांगायला मला पाच मिनिटं लागली. तो गंभीरपणे म्हणाला, सॉरी, आम्हाला तो हॉल त्याच दिवशी मिळाला. धाकट्याने डोळे पुसत सांगितलं, हॉल नव्हे, बाग.

अण्णांनी डायरी मिटली. गळ्यातली माळ काढून कुंपणावर अडकवली आणि कॉफी कुठे मिळेल ते विचारलं.