उन्हात चालणारा लॅपटॉप

पूर्णा आणि नांदेडच्या मध्ये रुळाच्या कडेला आमचं चुडावा. मे महिन्यात इथल्या अंगणात कुठलाही लॅपटॉप उघडला की पडद्यावर आपलंच तोंड दिसतं. माझ्याकडच्या पोरांसाठी बनवलेल्या जुन्या हिरव्या-पांढऱ्या ‘एक्सओ’ लॅपटॉपचं तसं नाही. मागचा दिवा बंद केला की पडदा काळा-पांढरा होतो, आणि ऊन जेवढं कडक तेवढी अक्षरं ठळक. साडेसात इंचांत १२०० बाय ९०० ठिपके बसवणारी ही करामत मेरी लू जेप्सन यांची. २००७ साली कारखान्यातून निघालेल्या पोरांच्या यंत्रात जे होतं, ते आजच्या लाखभराच्या लॅपटॉपात का नसावं?

हा लॅपटॉप आणणाऱ्या निकोलस निग्रोपाँटी यांनी २००५ साली घोषणा केली ती शंभर डॉलरच्या लॅपटॉपची. बाजारात येईस्तोवर किंमत १८८ डॉलरवर गेली. आपल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयानं तर २००६ मध्येच नको म्हणून सांगितलं होतं. तरीही भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये झाला तो महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातल्या कर्जतकडच्या खैराट धनगरवाड्यावर. एका खोलीची मराठी शाळा, वीसेक पोरं आणि प्रत्येकाच्या हातात एक यंत्र. पुढे उरुग्वेनं सरकारी प्राथमिक शाळेतल्या पोरापोराला एक्सओ दिला. आपल्याकडे गाडं वाड्या-वस्त्यांच्या प्रयोगांपुढे फारसं सरकलं नाही. यंत्र वाटलं की शिक्षण आपोआप होईल, हा त्या मंडळींचा भाबडेपणा मला कधीच पटला नाही. मास्तरांचा विचार त्यांनी फार उशिरा केला.

पण वस्तू म्हणून हिला तोड नाही. साधा चार धारांचा स्क्रू ड्रायव्हर पुरतो. मदरबोर्ड कीबोर्डखाली नसून पडद्यामागे आहे, त्यामुळे वर पाणी सांडलं तरी जीव वाचतो. मुठीच्या आत जादा स्क्रू ठेवलेले असतात! खोलताना एखादा हरवणारच, हे बनवणाऱ्यानं आधीच धरलेलं. दोन्ही बाजूंचे हिरवे कान म्हणजे वायफायचे अँटेना; मिटले की यूएसबीची भोकं झाकली जातात, धूळ आत जात नाही. वीज ११ ते १८ व्होल्टमधली कुठलीही चालते. लोडशेडिंगच्या गावात याचा अर्थ सांगायला नको. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतो.

खोडी दोन. रबरी कीबोर्ड वयाबरोबर फाटतो. दुसरी जास्त वाईट: घड्याळाचा नाण्याएवढा सेल बसला किंवा त्याची पकड सैल झाली की तारीख चुकते, आणि सुरक्षा-कुलूप लावलेलं यंत्र मग सुरूच होत नाही. कुलूप काढलेलं असेल तर नवा सेल घालून, चालू होतानाच्या ‘ओके’वर थांबून तारीख हातानं भरायची.

४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी मेमरी, म्हणजे आजच्या वेबसाइटींचं नावच नको. त्याच्या ‘शुगर’ या प्रणालीतलं चित्रं काढणारं कासव मात्र अजून झकास रेघा काढतं. शिवाय माइकचं भोक नुसतं आवाजापुरतं नाही. ते व्होल्टेजही मोजतं. थर्मिस्टरची वायर तिथे जोडून ‘मेजर’ हा प्रोग्राम उघडला की तापमानाची रेघ पडद्यावर वर-खाली होताना दिसते. सध्या ती वायर सोयाबीनच्या थप्पीत खोचलेली आहे.