उतरणारे चित्र, न चढणारी हाक

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील वाड्यांवर पत्र्याच्या कडेला बसविलेल्या छत्र्या आता कोणाच्या नजरेत भरत नाहीत. टाटा प्लेच्या छत्रीचा रोख दक्षिणेकडून जरा पूर्वेला, क्षितिजापासून सुमारे 65 अंश वर असतो. त्या रेषेत, विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर, तिच्यासाठी चित्रे पाठविणारा उपग्रह आहे. पृथ्वीच्या परिवलनाइतक्याच वेळात तो एक फेरी पुरी करतो, म्हणून जागीच उभा भासतो.

या मुलखाला अशा उपग्रहाचे विशेष अगत्य असावे. पश्चिमेस माथेरानचा डोंगर, पूर्वेस सह्याद्रीची भिंत. मनोऱ्याच्या लहरी सरळ जातात आणि डोंगर आडवा आला की अडतात. उपग्रहाच्या लहरी जवळजवळ माथ्यावरून उतरतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तर हे नवलच होय. दादरची इमारत आणि कर्जतची ठाकूरवाडी यांना चित्र पुरविण्यात उपग्रहाला फरक पडत नाही. आणखी एक घर जोडले गेले, तरी त्याचा खर्च वाढत नाही.

परंतु उपग्रह कशासाठी उभा राहतो, हे त्याचे पैसे देणारा ठरवितो. 1975-76 मध्ये अमेरिकेच्या उसन्या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांना शेती व आरोग्याचे कार्यक्रम दाखविले गेले. (महाराष्ट्र त्या सहांत नव्हता.) ते गिऱ्हाईक शासन होते. जून 2022 मध्ये फ्रेंच गियानातून सोडलेल्या 'जीसॅट-24'ची कथा वेगळी. न्यूस्पेस इंडिया या सरकारी कंपनीने आधी गिऱ्हाईक मिळविले, मग उपग्रह उडविला. त्याचे 24 ट्रान्सपाँडर टाटा प्लेलाच भाड्याने दिले आहेत. यात गैर काही नाही. सरकारी तिजोरीवर भार न टाकता उपग्रह उभा राहतो, हे चांगलेच. मात्र करमणूक विकणाऱ्याला चित्र खाली पोहोचले म्हणजे पुरे. वाडीने वर काही बोलावे, ही त्याची गरज नव्हे.

वाडीची गरज मात्र तीच आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. बचावपथकांना पावसात डोंगर चढून जावे लागले. 27 मृतदेह मिळाले आणि चार दिवसांनी शोध थांबला, तेव्हा 57 माणसे बेपत्ताच होती. अशा पावसात घरच्या छत्रीवरचे चित्रही गोठते, कारण त्या वारंवारतेच्या लहरी पावसाचे थेंब शोषून घेतात.

दुतर्फा संदेश नेणारी छत्री ही काही स्वप्नातली वस्तू नव्हे. मोठी तबकडी, जास्त शक्ती आणि सौर बॅटरी एवढी जोड दिली, तर पावसाचा अडथळा पुष्कळसा कमी होतो. नोव्हेंबर 2024 मध्ये गेलेला 'जीसॅट-एन2' तर इंटरनेटसाठीच आहे. पैशाचीही सबब नको. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातून 5 टक्के आकार दुर्गम भागांतील सेवेसाठी घेतला जातो. त्या निधीचे नाव आता 'डिजिटल भारत निधी' झाले आहे. दरडीच्या छायेतील प्रत्येक वाडीवर अशी एक तबकडी त्यातून बसवावी. बसविण्याचा खर्च एकदाच येतो आणि त्याचा समारंभही होतो; दरमहा भाडे आणि तीन वर्षांनी नवी बॅटरी कोणी द्यायची, हे मात्र मंजुरीच्या कागदावरच लिहिलेले असले पाहिजे. ग्रामपंचायतीच्या माथी ते मारले, तर पहिल्याच पावसाळ्यानंतर तबकडी मुकी होईल.