मिशीवाला पाहुणा

माशाला मिशा असतात का? असतात बरं का! आपल्याकडचे शिंगाळा आणि मागूर हे मिशाळ मासेच. त्यांचा एक छोटासा, दूरचा भाऊबंद म्हणजे कॉरिडोरास. लाडाचं नाव कॉरी. मूळ गाव दक्षिण अमेरिका, लांबी जेमतेम ५ ते ७ सेंटिमीटर. अंगावर खवले नाहीत, तर हाडांच्या चकत्यांचं चिलखत! यातल्या ठिपकेवाल्या जातीचे नमुने खुद्द चार्ल्स डार्विननं बीगल जहाजाच्या सफरीत (१८३१ ते १८३६) गोळा केले होते.

दोन वर्षांपूर्वी मुलाच्या हट्टापायी आमच्या घरी काचेची पेटी आली. गप्पी मासे घेतले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हे दोन कॉरी पण न्या. तळाची घाण खातात, वेगळं खाणं लागत नाही." मला बरंच वाटलं. फुकटचा सफाईवाला मिळाला!

आम्ही वरून चारा टाकायचो, गप्पी तो वरच्या वर फस्त करायचे. महिन्याभरात एका कॉरीचं पोट खपाटीला गेलं, मिशा आखूड झाल्या. एका सकाळी तो तळाशी निपचित पडलेला दिसला.

"आई, तो उपाशी मेला का गं?" मुलानं विचारलं. रोज वर्गात चाळीस मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणारी मी, पण तेव्हा गप्पच बसले.

मग मी पुस्तकं चाळली, जाणकारांना विचारलं. आमच्या चुका एकेक करून कळत गेल्या.

पहिली चूक खाण्याची. कॉरी घाण खात नाही. त्याला तळाशी बुडणाऱ्या गोळ्या लागतात. त्या दिवा मालवल्यावर टाकाव्यात, म्हणजे बाकीचे मासे पळवत नाहीत. थोड्याच टाका, उरलेल्या काढून घ्या.

दुसरी चूक तळाची. कॉरी मिशांनी चाचपून अन्न शोधतो. टोकदार खडी आणि साचलेली घाण यांनी मिशा झिजतात, सडतात. म्हणून तळाला स्वच्छ धुतलेली, गुळगुळीत बारीक वाळू हवी.

तिसरी चूक पाण्याची. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. त्याचं रूपांतर करणारे उपयोगी जीवाणू नव्या पेटीत वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. आम्ही मात्र पेटी आणली त्याच दिवशी मासे सोडले! आता दर रविवारी पाव भाग पाणी बदलतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारे थेंब दुकानात मिळतात, ते आधी घालायचे. फिल्टरचा स्पंज नळाखाली नाही, तर काढलेल्या जुन्या पाण्यातच खळबळायचा. नाहीतर ते जीवाणू मरतात.

चौथी चूक एकटेपणाची. कॉरी कळपानं राहतो. निदान सहा तरी हवेत. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत साधारण ५५ लिटर पाणी मावतं. सहा जणांना ते पुरतं.

एक गंमत सांगते. कॉरी मधूनच सुर्रकन वर येतो, हवेचा घोट घेतो नि खाली जातो. ती हवा गिळून तो चक्क आतड्यातून प्राणवायू घेतो! पण सारखाच वर येऊ लागला, तर पाणी बिघडलंय असं समजा. मे महिन्यात जास्त लक्ष ठेवा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्याला २२ ते २६ अंश सेल्सिअस पाणी मानवतं.

त्याला हातात मात्र धरू नका. परांना काटे असतात, ते टोचतात आणि जाळीतही अडकतात. हलवायचा झाला तर वाडग्यात घ्या.

आईबाबांनाही एक सांगणं. हा मासा नीट सांभाळला तर दहा वर्षंही जगतो. तेवढी तयारी असेल तरच आणा. कंटाळा आला म्हणून नदीत, विहिरीत सोडू नका. परका मासा तिथल्या माशांच्या जिवावर उठू शकतो.

आमच्या उरलेल्या कॉरीला आता पाच सवंगडी आहेत. त्याच्या झिजलेल्या मिशा हळूहळू पुन्हा वाढल्या. रोज रात्री दिवा मालवून गोळ्या टाकायचं काम मुलाचं. गोळ्या टाकून तो अंधारात तसाच उभा राहतो, सहाही जण जेवायला आले की नाही ते मोजत.