उन्हाळ्यातील अंडी : डब्यातल्या पावडरीआधी खाद्याचा वास घ्या

होळी सरली की पत्र्याच्या शेडमधल्या कोंबड्या चोच उघडून धापा टाकू लागतात. पाठोपाठ अंडी घटतात, कवच पातळ होते, ट्रेमध्ये फूट वाढते. नेमक्या याच दिवसांत ‘अँटिऑक्सिडंट’चा डबा घेऊन विक्रेता दारात हजर! कुक्कुटपालक बंधूंनो, डबा जरूर घ्या. पण कोणत्या दुखण्यावर घेताय ते आधी ठरवा.

हवेतला प्राणवायू लागला की तेल खवट होते. तसाच प्रकार कोंबडीच्या शरीरातल्या चरबीतही चालतो आणि उष्म्यात तो जोर धरतो. मार बसतो यकृताला, आणि बलकाचे सामान तयार होते तिथेच. ई जीवनसत्त्व हा मार अडवते. १९९४ च्या अमेरिकी शिफारशीत लेअरची त्याची गरज किलो खाद्यामागे जेमतेम ५ मिलिग्रॅमच्या आसपास धरली होती. पण १९९० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये तापत्या खोलीत प्रयोग झाले, तेव्हा २५० मिलिग्रॅम दिलेल्या कोंबड्यांची अंडी कमी घटली. एवढी मात्रा बारमाही परवडणार नाही. ऊन चढण्याआधी सुरू करून उन्हाळाभर द्यावी, हे बरे.

कवचाचे गणित मात्र वेगळे आहे. धापा टाकताना कोंबडीच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कवचाला लागणारे कार्बोनेट कमी पडते. त्यात खाणे घटले की कॅल्शियमही तुटते. इथे नुसत्या ई जीवनसत्त्वावर विसंबू नका. संध्याकाळी शिंपल्याचा जाडसर चुरा टाका, पाण्याची टाकी सावलीत घ्या, छतावर पाचट पसरा. सी जीवनसत्त्वाची थोडी मदत होते. कोंबडी ते स्वतः तयार करते, पण उष्म्यात कमी पडते. ते लवकर नासते, म्हणून सकाळच्या गार पाण्यात ताजे कालवून द्यावे.

आता खरी मेख. भाताचा कोंडा आणि मासळीची भुकटी उन्हाळ्यात भराभर खवटतात. असे खाद्य पोटात गेले की महागडे ई जीवनसत्त्व त्यातच खर्ची पडते. डब्यावर ‘ॲसिटेट’ असे लिहिलेले असेल, तर ते कोंबडीच्या आतड्यात गेल्यावरच कामाला लागते. पोत्यातला कोंडा ते राखत नाही. त्यासाठी बीएचटीसारखी वेगळी औषधे खाद्यात मिसळतात. (इथॉक्सिक्विनही वापरात होते, युरोपीय संघाने २०१७ मध्ये त्याची परवानगी स्थगित केली.) त्यापेक्षा आठवड्याला पुरेल एवढेच खाद्य दळा, मूठभर हातात घेऊन हुंगा. खवट लागले तर पोते परत करा, संकोच कसला?

सेलेनियमबाबत मात्र हात आखडता हवा. किलो खाद्यात वरून ०.३ मिलिग्रॅम पुष्कळ झाले. अनेक तयार प्रिमिक्समध्ये ते आधीच असते. वरून दुसरा डबा ओतला की विषबाधेची वाट. अंडी उबवणीची असतील तर पिल्ले आतच मरतात, वाकडी निपजतात. तेव्हा दोन्ही लेबले पशुवैद्यकांना दाखवा.

झेंडूच्या पाकळ्यांनी बलक केशरी होतो, गिऱ्हाईक खूश होते. पण रंग म्हणजे ताजेपणा नव्हे. अंडे ताटलीत फोडा : पांढरे बलकाभोवती उभे राहिले तर ताजे, पाण्यासारखे पसरले तर शिळे. उन्हात ठेवलेला ट्रे कुठल्याही पावडरीने ताजा राहत नाही.

आणि डबा आणलाच, तर अर्ध्या शेडलाच द्या. तीन आठवडे दोन्ही बाजूंची अंडी आणि फूट वहीत वेगवेगळी मांडा. पुढचा डबा घ्यायचा की नाही, ते वहीच सांगेल.